आनेकलमधले घर, गोव्याची संहिता

बंगळुरूजवळच्या आनेकल तालुक्यात चंदापुऱ्याजवळच्या एका इमारतीत शेजारी-शेजारी दोन घरे आहेत असे धरू. एकाचा मालक कोल्हापूरचा, दुसऱ्याचा गोव्यातल्या फोंड्याचा. दोघेही इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला, दोघेही हिंदू, दोघांच्याही घरात मराठी बोलली जाते. दोन्ही खरेदीखते एकाच उपनिबंधकाकडे नोंदली गेली, मुद्रांक शुल्क एकाच दराने भरले गेले, ई-खाता हा मालमत्तेच्या नोंदीचा दाखलाही एकाच पद्धतीने निघाला. दोन्ही घरे लग्नानंतर, पगारातून आणि पतीच्या एकट्याच्या नावावर घेतलेली. किंमत प्रत्येकी ८० लाख रुपये. दोघांनाही पत्नी आणि दोन मुले आहेत, आई-वडील हयात नाहीत.

हे दोघे मृत्युपत्र न करता वारले, तर कोल्हापूरकराच्या घराचे १९५६च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तीन सारखे भाग पडतात. पत्नीला सुमारे २६ लाख ६७ हजार आणि तेवढेच प्रत्येक मुलाला. फोंडेकराच्या घराचे गणित वेगळ्याच जागेवरून सुरू होते. ८० पैकी ४० लाख मुळात पत्नीचेच असतात. ते तिला वारशाने मिळत नाहीत, लग्नानेच मिळालेले असतात. वारसा उघडतो तो उरलेल्या ४० लाखांचा आणि तो दोन मुलांत २०-२० लाख असा जातो. मृत्युपत्र केले तर अंतर आणखी वाढते. कोल्हापूरकर आपले स्वकष्टार्जित घर सगळेच्या सगळे एखाद्या परक्यालाही देऊ शकतो. फोंडेकराला मोकळीक आहे ती २० लाखांपुरती, कारण पत्नीचे ४० त्याचे नाहीत आणि त्याच्या ४० मधला अर्धा भाग मुलांसाठी राखून ठेवलेला आहे.

हे दुसरे गणित आनेकलपर्यंत कसे आले आणि तिथे ते कितपत टिकते, हा या विवेचनाचा विषय. त्याची सुरुवात पॅरिसमध्ये करावी लागते.

२१ मार्च १८०४ रोजी फ्रान्समध्ये ३६ वेगवेगळे कायदे एकत्र करून २२८१ कलमांची नागरी संहिता जाहीर झाली. त्रोंशे, पोर्तालिस, बिगो द प्रेआमनो आणि मालव्हिल या चार कायदेपंडितांनी तिचा मसुदा केला होता. त्याआधी फ्रान्सच्या उत्तरेत प्रांतोप्रांतीच्या रूढी चालत आणि दक्षिणेत रोमन कायदा. संहितेने तीन भाग पाडले: व्यक्ती, वस्तू, आणि वस्तूंवरची मालकी मिळवण्याचे मार्ग. विवाह या रचनेत दोनदा येतो. पहिल्या भागात तो माणसाची स्थिती म्हणून येतो आणि तिसऱ्या भागात वारसा, खरेदी, गहाण यांच्या रांगेत मालमत्तेचा करार म्हणून. चंदापुऱ्याच्या ४० लाखांचे मूळ या दुसऱ्या जागेत आहे. लग्न लागले की त्या क्षणी दोघांच्या मालमत्तेचे काय होते, हे फ्रेंच परंपरेतला कायदा आधीच लिहून ठेवतो. भारतातला हिंदू विवाह कायदा या प्रश्नावर जवळजवळ गप्प आहे. आपल्याकडे हा प्रश्न उभा राहतो तो घटस्फोटाच्या किंवा मृत्यूच्या वेळी, म्हणजे भांडण दारात आल्यावर.

पुढच्या सहा वर्षांत आणखी चार संहिता आल्या: १८०६मध्ये दिवाणी प्रक्रियेची, १८०७मध्ये व्यापाराची, १८०८मध्ये फौजदारी तपासाची आणि १८१०मध्ये दंडाची. जन्माच्या नोंदीपासून दिवाळखोरीपर्यंत नागरिकाचे आयुष्य या पाच पुस्तकांत बसले. आज फ्रान्समध्ये कामगार, ग्राहक, नगररचना, शेती, वाहतूक अशा विषयांच्या मिळून सत्तरहून अधिक संहिता आहेत. तरी सगळेच कलमांत लिहिलेले आहे, हा समज चुकीचा आहे. चौथे कलम न्यायाधीशाला कायदा गप्प असल्याची सबब सांगून निवाडा नाकारू देत नाही. पाचवे त्याला सर्वांना बांधणारे सामान्य नियम करू देत नाही. या दोन कुंपणांच्या मध्ये न्यायालयांनी पुष्कळ काही उभे केले. आपल्या चुकीने दुसऱ्याचे नुकसान केले तर भरपाई द्यायची, एवढेच सांगणारे कलम १३८२ घोडागाडीच्या काळात लिहिले गेले. कारखाना, रेल्वे आणि मोटारीच्या अपघातांचा कायदा त्याच्या आजूबाजूच्या मोजक्या कलमांतून न्यायाधीशांनी वाढवला. २०१६च्या सुधारणेनंतर त्याचा क्रमांक १२४० झाला, गाभा तोच राहिला.

सार्वजनिक जीवनाच्या बाबतीत तर फ्रेंच पद्धतीने नागरी संहितेला दारातच थांबवले. बोर्दोच्या सरकारी तंबाखू कारखान्याच्या वाघिणीखाली सापडून एक लहान मुलगी जखमी झाली. ८ फेब्रुवारी १८७३च्या ब्लांको निवाड्यात ठरले की शासनाची जबाबदारी खासगी माणसांसाठी लिहिलेल्या संहितेने मोजता येणार नाही, तिचे नियम निराळे आणि न्यायालयेही निराळी. त्यामुळे फ्रेंच प्रशासकीय कायद्याचा कणा कोंसेय देता या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाच्या निवाड्यांतून तयार झाला. जनता आणि प्रशासन यांच्या संबंधांची स्वतंत्र संहिता लागू झाली ती थेट २०१६मध्ये. आनेकलमध्ये भूसंपादनाविरुद्ध दाद मागायची असली तरी माणूस बंगळुरूच्या त्याच उच्च न्यायालयात जातो, जिथे त्याचा भाऊबंदकीचा दावाही पोचतो. राज्यघटनेच्या २२६व्या कलमाचा हा मार्ग फ्रेंच माणसाला अनोळखी वाटेल.

मृत्युपत्रावरच्या बंधनाचे मूळ राजकीय आहे. फ्रेंच क्रांतीने थोरल्या मुलाचा विशेष हक्क रद्द केला. बापाला मृत्युपत्राची पूर्ण मोकळीक ठेवली असती, तर तोच हक्क मागच्या दाराने परत आला असता. म्हणून संहितेने मुलांचा वाटा राखून ठेवला: एक मूल असेल तर निम्मा, दोन असतील तर दोन तृतीयांश, तीन किंवा अधिक असतील तर तीन चतुर्थांश. उरेल तेवढ्यापुरतीच बापाची मर्जी. माझ्या मते संपूर्ण संहितेत समाजाची घडण सर्वांत खोलवर बदलणारा नियम हाच आहे. मालकी पवित्र मानणाऱ्या त्याच पुस्तकाने मालकाचा हात मरतानाही धरून ठेवला.

त्याच पुस्तकाने पत्नीला पतीची आज्ञा पाळायलाही लावले. कलम २१३ तसे सांगत होते. फ्रेंच विवाहित स्त्रीला स्वतंत्र कायदेशीर क्षमता मिळाली ती १९३८मध्ये, आणि पतीच्या परवानगीशिवाय नोकरी धरण्याची व बँकेत खाते उघडण्याची मोकळीक १९६५मध्ये. मुलामुलींत समता आणि नवराबायकोत उतरंड, अशा या विसंगत वारशानेच पुढे समुद्र ओलांडला.

आनेकलच्या सर्वांत जवळ फ्रेंच संहिता जशीच्या तशी आली ती पुदुच्चेरीत, १८१९मध्ये. तिथल्या भारतीयांना आपापल्या धर्माचा व रूढीचा कायदा ठेवता आला. २१ सप्टेंबर १८८१च्या हुकमाने मात्र ज्याला हवे त्याला तो सोडून फ्रेंच नागरी कायद्याखाली येण्याची वाट मोकळी झाली. असे रूढी सोडलेले लोक पुढेही वेगळे राहिले. १६ ऑगस्ट १९६२च्या कायदेशीर विलीनीकरणानंतर हिंदू वारसा कायदा तिथे लागू झाला, तेव्हाही त्यांना त्यातून वगळले गेले. पण तो लहान गट. ज्यांच्या घराघरांत संहिता शिरली, ते लोक गोव्याचे.

गोव्याची संहिता पोर्तुगीज आहे. आंतोनियु लुईश द सेआब्रा याने रचलेली ही संहिता १ जुलै १८६७ रोजी मंजूर झाली आणि १ जुलै १८७०पासून गोव्यात लागू झाली. कलमे २५३८, भाग तीनऐवजी चार. विचाराची चौकट फ्रेंच घराण्यातली असली तरी सेआब्राने नक्कल केली नाही. पती-पत्नीच्या मालमत्तेबाबत त्याने पोर्तुगालची जुनी रूढीच घेतली: लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची सगळी मालमत्ता एक होते. लग्नाआधीची, नंतरची, कमावलेली आणि वारशाने आलेलीसुद्धा. फ्रान्सच्या मूळ संहितेतली भागीदारी एवढी व्यापक नव्हती, लग्नाआधीचा जमीनजुमला तीत येत नसे. ज्याला हे नको असेल त्याने लग्नापूर्वी नोटरीसमोर करार करून मालमत्ता वेगळी ठेवायची, किंवा भागीदारी लग्नानंतरच्या मिळकतीपुरती ठेवायची. लग्न लागल्यावर तो करार बदलता येत नाही. म्हणूनच गोव्यात जमिनीचे खरेदीखत होते तेव्हा विकणाऱ्याबरोबर त्याची पत्नीही सही करते, भावंडांची सामाईक जमीन असेल तर जावई आणि सुनाही सही करतात. बंगळुरूहून गोव्यात जमीन घ्यायला जाणाऱ्याला एवढ्या सह्या कशाला असा प्रश्न पडतो. प्रत्येक सहीमागे लग्नाने मिळालेला निम्मा हक्क असतो.

मृत्यूनंतरची रीतही ठरलेली. आधी वैवाहिक भागीदारीचे दोन तुकडे करायचे, मग मृताच्या तुकड्यातला निम्मा वारसांसाठी बाजूला ठेवायचा आणि उरलेल्या चतुर्थांशापुरते मृत्युपत्र चालू द्यायचे. वारसांत एकमत असेल तर नोटरीसमोर वारसा ठरवणारे खत होते, नसेल तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी चालते. तीत कुटुंबातला एक जण प्रमुख म्हणून सगळ्या मालमत्तेची यादी देतो, किंमती ठरतात, वाटे पडतात. मृत्युपत्रही घरच्या कागदावर करून चालत नाही, नोटरीकडे जावे लागते. आनेकलमध्ये कोल्हापूरकराने साध्या कागदावर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या की ते मृत्युपत्र चालते, त्याची नोंदणीही ऐच्छिक आहे. आपल्या दिवाणी न्यायालयांत मृत्युपत्रावरून चालणारे किती दावे खरी सही कोणाची या एकाच प्रश्नावर वर्षानुवर्षे अडतात, हे पाहिले की नोटरीच्या सक्तीचे मोल कळते. कागद करताना लागणारा एक दिवस पुढची अनेक वर्षे वाचवतो.

गोव्याला समान नागरी कायद्याचा नमुना म्हणण्याची रीत पडली आहे. तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांनीही २०२१मध्ये पर्वरी येथे गोव्याच्या कायद्याची प्रशंसा केली. मालमत्तेपुरते ते बरेचसे खरे आहे, इतरत्र कमी. १६ डिसेंबर १८८०च्या हुकमाने गोव्यातल्या हिंदूंच्या रूढी राखल्या आणि त्यांत ठरावीक परिस्थितीत पुरुषाला दुसरी पत्नी करण्याची सूटही ठेवली. पत्नी पंचवीस वर्षांची होईपर्यंत मूल झाले नाही, किंवा तीस वर्षांची होऊनही मुलगा झाला नाही, या त्यातल्या अटी. मूळ संहितेने सामाईक मालमत्तेचा कारभारही पतीच्याच हाती दिला. पत्नीच्या संमतीशिवाय स्थावर विकता येत नसे, पण रोजच्या कारभारात तिला स्थान नव्हते. गावकीच्या जमिनी सांभाळणाऱ्या कोमुनिदादींसाठी १९६१मध्ये, पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या वर्षात, नवी संहिता झाली, आणि तिथे गावकाराचा, म्हणजे कोमुनिदादीच्या सभासदाचा, हक्क पुरुषांच्या वंशातूनच चालतो. मुलीला बापाच्या घरात सारखा वाटा आणि गावाच्या जमिनीत काहीच नाही, अशी ही स्थिती. स्त्रीला निम्मा हक्क देणाऱ्या कायद्याची बाजू मी मनापासून घेतो, म्हणूनच त्याचे हे कोपरे झाकून ठेवणे मला पटत नाही.

आनेकललाही स्वतःचा इतिहास आहे. हा तालुका जुन्या म्हैसूर संस्थानातला. संस्थानाने १९३३मध्येच कायदा करून हिंदू कुटुंबाच्या वाटणीत स्त्रियांना हक्क दिले, तेव्हा ब्रिटिश मुलखात तसे काही नव्हते. कर्नाटकाने १९९४मध्ये मुलीला जन्माने सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखीच वाटेकरी, केले, महाराष्ट्रानेही त्याच वर्षी. देशभर ते झाले २००५मध्ये. पण हे सारे हक्क मुलीचे आणि वडिलोपार्जित मालमत्तेतले. पतीने कमावलेल्या घरात पत्नीचा, लग्न झाले म्हणून, आजच्या आज हक्क असतो हे यांपैकी एकाही कायद्याने मानलेले नाही. घर तिच्या कष्टावर चालले असले तरी खरेदीखतात तिचे नाव नसेल तर पतीच्या हयातीत त्या घराच्या मालकीत तिचा वाटा नसतो.

१९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला. १९६२च्या गोवा, दमण आणि दीव प्रशासन कायद्याच्या पाचव्या कलमाने जुने कायदे सक्षम विधिमंडळ बदलेपर्यंत चालू ठेवले. पोर्तुगालने १९६६मध्ये स्वतःसाठी नवी संहिता केली आणि सेआब्राची मोडीत काढली, गोव्यात ती चालतच राहिली. मग प्रश्न आला: गोव्याच्या माणसाचे घर गोव्याबाहेर असेल तर?

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तो मुंबईतल्या एका मालमत्तेवरून. मूळचे गोव्याचे एक गृहस्थ १९६७मध्ये वारले. मुंबईतली मालमत्ता त्यांनी मृत्युपत्राने एका मुलीला दिली होती. तिला गोव्याचा राखीव वाट्याचा नियम लागतो, की मुंबईत लागू असलेला भारतीय वारसा कायदा? १३ सप्टेंबर २०१९ रोजी न्या. दीपक गुप्ता आणि न्या. अनिरुद्ध बोस यांनी निर्णय दिला. पोर्तुगीज संहिता संसदेने स्वीकारल्यामुळे ती आता परकी नाही, भारतीय कायदाच आहे. गोव्याच्या अधिवासी माणसांसाठी ती विशेष कायदा आहे, आणि त्यांची मालमत्ता भारतात कुठेही असली तरी वारसा तिच्याप्रमाणेच चालेल. जमीन जिथे तिथला कायदा, हा स्थावराबाबतचा जुना नियम इथे मागे पडला आणि कायदा माणसाबरोबर चालू लागला. चंदापुऱ्याच्या फोंडेकराचे गणित या निर्णयावर उभे आहे.

ते किती भक्कम उभे आहे? मला तीन फटी दिसतात. पहिली, अधिवासाची. सर्वोच्च न्यायालयानेच १९८४मध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या प्रदीप जैन खटल्यात म्हटले होते की भारतात अधिवास एकच, भारताचा, राज्याचा वेगळा नाही. मग वीस वर्षे आनेकलमध्ये राहणारा, तिथेच मतदान करणारा फोंडेकर गोव्याचा अधिवासी कशावरून? जन्मनोंद, गोव्यात नोंदवलेले लग्न, १९६१पूर्वीचे पोर्तुगीज नागरिकत्व असलेले आई-वडील, यांतले काय निर्णायक हे स्पष्ट नाही.

दुसरी फट वैवाहिक भागीदारीची. २०१९चा निर्णय वारशापुरता आहे. राखीव वाटा काढण्यासाठी आधी भागीदारीचे दोन तुकडे करावे लागतात, म्हणून तर्क पत्नीच्या ४० लाखांपर्यंत आपोआप पोचतो असे मी मानतो. पण पती जिवंत असताना त्याने एकट्याच्या सहीने ते घर विकले तर? आनेकलचा उपनिबंधक पत्नीची सही मागणार नाही. कर्ज देणाऱ्या बँकेचा वकील मूळ खते, भारमुक्तता दाखला आणि वारसाचा मामला असेल तर नाडकचेरी या महसूल कार्यालयाचा वंशवृक्ष मागतो. विकणाऱ्याचे लग्न कोणत्या राज्यात नोंदले गेले, हे विचारायची इथे रीतच नाही. प्रामाणिकपणे पैसे मोजलेल्या खरेदीदाराला आणि निम्म्या हक्काच्या पत्नीला कायदा तिथे समोरासमोर उभे करतो. एका केंद्रीय कायद्याने हा हक्क राज्याच्या सीमेबाहेरही मानला आहे, तो म्हणजे प्राप्तिकर कायदा. १९६१च्या प्राप्तिकर कायद्यात १९९४मध्ये ५ए कलम घातले गेले, तेव्हापासून या भागीदारीतल्या जोडप्याचे पगाराखेरीजचे उत्पन्न निम्मे-निम्मे मोजले जाते. म्हणजे फोंडेकराचा इलेक्ट्रॉनिक सिटीतला पगार त्याचा एकट्याचा, आणि तेच घर भाड्याने दिले तर भाडे दोघांचे. कर घेताना पत्नीचा निम्मा हक्क मान्य आहे, खरेदीखत नोंदवताना तो कुणाला दिसत नाही.

तिसरी फट मला सर्वांत गंभीर वाटते, आणि तिची चर्चा सर्वांत कमी होते. गोव्याच्या विधानसभेने वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरीचा भाग नव्याने मांडून २०१२चा अधिनियम केला, आणि तो २०१६मध्ये अमलात आला. २०१९च्या खटल्यातला मृत्यू १९६७चा होता, म्हणून तिथे संसदेने चालू ठेवलेली जुनी संहिता लागली. २०१६नंतरच्या मृत्यूंना लागतो तो राज्याचा अधिनियम. राज्यघटनेच्या २४५व्या कलमाप्रमाणे राज्याचे विधिमंडळ आपल्या राज्यापुरताच कायदा करते. मग गोव्याच्या विधानसभेचा राखीव वाटा कर्नाटकातल्या जमिनीला कोणत्या बळावर लागेल? माणसाचा गोव्याशी पुरेसा संबंध आहे, असे उत्तर देता येईल. कर भरण्याच्या खटल्यांत अशा संबंधाचा आधार न्यायालयांनी घेतलेला आहे. वारशाला ते उत्तर पुरते का, हे ठरायचे आहे.

युरोपनेही हाच प्रश्न सोडवला, पण उलट टोकाने. १७ ऑगस्ट २०१५पासून लागू झालेल्या युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे मरताना माणूस जिथे नेहमी राहत होता तिथला कायदा सगळ्या वारशाला लागतो, पाहिजे तर तो आपल्या नागरिकत्वाचा कायदा लेखी निवडू शकतो. त्यामुळे राखीव वाटा निसटतो आहे असे फ्रान्सला वाटले, म्हणून ऑगस्ट २०२१मध्ये त्याने नवा नियम केला: परदेशी कायद्याने वगळलेल्या मुलाला फ्रान्समधल्या मालमत्तेतून भरपाई घेता येईल. दोनशे वर्षांपूर्वीचा नियम वाचवण्यासाठी फ्रान्स आजही एवढा झटतो आहे. आपल्याकडे तोच नियम गोव्याच्या सीमेवर अर्धवट लोंबकळत ठेवला आहे.

हे सोडवायला समान नागरी कायद्याच्या मोठ्या वादाची वाट पाहायला नको. संसदेने दोन गोष्टी स्पष्ट केल्या तरी पुष्कळ होईल: ही वैवाहिक भागीदारी कोणाला लागते, आणि तिच्यातले स्थावर भारतात कुठेही असले तरी दोघांच्या सहीशिवाय विकता येत नाही. कर्नाटकाच्या खरेदीखताच्या नमुन्यात विकणाऱ्याच्या विवाहाच्या मालमत्ता-पद्धतीचा एक रकाना वाढवला तर उपनिबंधक आणि बँकेचा वकील दोघांनाही विचारायला निमित्त मिळेल. तोवर चंदापुऱ्याच्या फोंडेकराने खरेदीखत सुरुवातीपासून दोघांच्या नावे करावे, लग्नाच्या गोव्यातल्या नोंदीचा उतारा घराच्या कागदांबरोबर ठेवावा, आणि मृत्युपत्र करायचे असेल तर गोव्यातल्या नोटरीसमोर करून त्यात चंदापुऱ्याच्या घराचा खाता क्रमांकासह उल्लेख करावा.